खुनी नदीच्या काठानं पायी

गेल्या डिसेंबरात फिनलंडमधल्या तुर्कू शहरात एका बाईंनी मला विचारलं, "तुमच्या गावाला नदी आहे का?" मी हो म्हणालो. "नाव काय तिचं?" इथं मी अडखळलो. आमच्या नदीचं नाव खुनी. इंग्रजीत त्याचा जो अर्थ होतो, तो उणे आठ अंशांत उभ्या असलेल्या दहा-बारा अनोळखी माणसांपुढं उच्चारणं, तेही माझं नाव आणि अम्मीच्या डोक्यावरची ओढणी समोर असताना, मला जड गेलं. "लहानशी नदी आहे," एवढंच बोललो आणि विषय बदलला.

त्या बाई शहर पायी फिरवून दाखवणाऱ्या गाईड होत्या. माझी धाकटी बहीण तिथं संशोधनासाठी असते. तिच्याकडं महिनाभर राहायला मी आणि अम्मी गेलो होतो. अम्मीचं वय बासष्ट, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. बहिणीनं आमची नावं या हिवाळी पायी सहलीत घातली, तेव्हा मला तिचा रागच आला होता. डिसेंबरात तिथं सूर्य साडेनवानंतर उगवतो आणि साडेतीनच्या आत मावळतो. रस्त्यावर बर्फ. अशात म्हाताऱ्या माणसाला तीन तास चालवत न्यायचं, म्हणजे हौसेपायी हाड मोडून घेणं.

तसं काही झालं नाही. झालं ते असं की, पहिल्या वळणावरच अम्मी खाली वाकून काहीतरी बघायला लागली. पायवाटेवर बारीक खडी पसरलेली होती. "ये पत्थर कायकू डाले?" तिनं विचारलं. बर्फावरून पाय घसरू नये म्हणून हिवाळाभर अशी खडी टाकतात आणि वसंतात झाडून गोळा करतात, असं गाईडबाईंनी सांगितलं. अम्मी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे पायानं चालणाऱ्याचा विचार करणारा कोणीतरी आहे इथं."

श्रीमंत देश आहे, त्यांना परवडतं, असं आपण पटकन म्हणतो. मीही म्हणालो. पण खडी काही महाग वस्तू नाही. ती आमच्या पांढरकवड्याच्या प्रत्येक बांधकामापुढं रस्ता अडवून पडलेली असते.

तुर्कू औरा नदीच्या दोन्ही काठांवर वसलंय. फिनिश भाषेत औरा म्हणजे नांगर. आम्हा कापूसवाल्या मुलखातल्या लोकांना हे नाव लगेच आवडलं. १८१२ पर्यंत तुर्कू फिनलंडची राजधानी होतं, पुढं ती हेलसिंकीला गेली. १८२७ च्या सप्टेंबरात एका रात्री आग लागली आणि शहराचा मोठा भाग जळाला. अकरा हजारांच्या आसपास माणसं बेघर झाली. १३०० साली प्रतिष्ठापना झालेलं मोठं चर्चसुद्धा आतून जळून गेलं. नंतर कार्ल लुडविग एंगेल नावाच्या वास्तुकारानं नवा आराखडा केला. रस्ते रुंद केले, घरांच्या मध्ये झाडं लावली, की पुन्हा आग लागली तरी पसरू नये. शहराच्या इतिहासातली सर्वांत वाईट रात्र गाईडबाई अशा सांगत होत्या, जणू घरातल्या एखाद्या आजोबांची गोष्ट सांगताहेत. त्या आगीतून टेकडीमागची एक वस्ती तेवढी वाचली, लुओस्तारिनमाकी. सुतार, चांभार, शिंपी यांची ती बुटकी लाकडी घरं. १९४० मध्ये तिथंच कारागिरांचं संग्रहालय झालं. राजवाडे जपलेले मी खूप पाहिलेत. शिंप्याची खोली त्याच्या जागेवर जपलेली क्वचितच पाहिली.

नदीवर 'फोरी' नावाची एक छोटी नाव आहे. १९०४ पासून ती पायी आणि सायकलवाल्यांना या काठावरून त्या काठावर नेते. फुकट. पल्ला दोनेक मिनिटांचा. अम्मी तिच्यातून तीन वेळा गेली-आली. "पैसे नाही घेत, तर उतरायचं कशाला?" हा तिचा युक्तिवाद होता.

मग बाजारचौक आला. कौप्पातोरी म्हणतात त्याला. गाईडबाई थांबल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, १८ ऑगस्ट २०१७ ला इथं एका तरुणानं चाकूनं हल्ला केला, दोन बायका मारल्या गेल्या, आठ जण जखमी झाले. हल्लेखोर मोरोक्कोतून आश्रय मागायला आलेला होता. फिनलंडनं दहशतवादी कृत्य म्हणून त्याकडं पाहिलं.

मला हे आधीपासून माहीत होतं. व्हिसाचे कागद गोळा करतानाच वाचलं होतं आणि अम्मीला सांगितलं नव्हतं. त्या क्षणी मी काय केलं असेल? अम्मीच्या बाजूला सरकून उभा राहिलो. आपल्यापैकी अनेकांना ही हालचाल ठाऊक असेल. बातमीत हल्लेखोराचं नाव येण्याआधी मनात उठणारी ती दुआ, की या अल्ला, आपला कोणी नसू दे. बाईंनी पुढचं वाक्य उच्चारलं नसतं, तर मी उरलेला रस्ता मान खाली घालून चाललो असतो. पुढचं वाक्य असं होतं, की जखमींना वाचवायला धावला आणि स्वतः जखमी झाला त्यांत एक हसन होता. हसन झुबेर, स्वीडनमध्ये राहणारा ब्रिटिश पॅरामेडिक. एवढं सांगून त्या पुढं चालू लागल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, मुद्दाम पाहणं टाळलंही नाही. गोष्ट पूर्ण सांगायची तर दोन्ही माणसं सांगावी लागतात, इतकंच.

पुढच्या पुलावर मी स्वतःहून त्यांना गाठलं आणि म्हणालो, आमच्या नदीचं नाव खुनी आहे, म्हणजे रक्तपात करणारी. त्यांना हसू आलं. "मग तिथं तर चांगलीच गोष्ट असणार," त्या म्हणाल्या. "कोण सांगतं ती?"

या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

कागदावर आमचा तालुका केळापूर. केळापूर हे प्रत्यक्षात छोटंसं गाव, जगदंबेच्या देवळासाठी प्रसिद्ध. नवरात्रात तिथं आजूबाजूची गावं लोटतात. तालुक्याचं ठाणं मात्र पांढरकवडा, खुनी नदीच्या काठी. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आमच्या इथून जातो. नागपूर-हैदराबाद रस्त्यानं गेलेल्या लाखो माणसांनी पांढरकवडा पाहिलेलं आहे, असं म्हणता येईल आणि कुणीच पाहिलेलं नाही, असंही. चहा घेतला, टायर बघितले, निघाले. अलीकडच्या काळात टिपेश्वर अभयारण्यामुळं पाहुणे थांबायला लागलेत. पण तेही पहाटे जिप्सीत बसतात, वाघ बघतात आणि परततात. गाव मधे लागतं, ते खिडकीतून.

वाघ त्या बाबतीत आपल्यापेक्षा बरा. टिपेश्वरात जन्मलेला एक तरुण वाघ २०१९ च्या जूनमध्ये निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याचा रस्ता कळला. तेलंगणात शिरला, परत आला, शेतं, ओढे, रस्ते ओलांडत त्याच हिवाळ्यात बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. एकूण चाल तीन हजार किलोमीटरवर. लोकांनी त्याला 'वॉकर' नाव दिलं. त्याच्या पायपिटीचे नकाशे देशभरच्या पेपरांत छापून आले.

माझे दादा याच मुलखात आयुष्यभर चालले. त्यांचा नकाशा कुणी काढला नाही. खांद्यावर कापडाचा गठ्ठा घेऊन ते आठवडी बाजार करत. पाटणबोरी, रुंझा, मोहदा, करंजी. बाजार नसेल त्या दिवशी कोलामांच्या पोडांवर. लुगडी, धोतरं, लहान मुलांची झबली. पैसे कापूस निघाल्यावर. उधारीची वही त्यांच्या डोक्यात होती, कारण लिहिता त्यांना बेताचंच येई. कोलामी मात्र ते बोलत, गोंडीही तोडकीमोडकी, पैनगंगेपलीकडच्या गिऱ्हाइकांशी तेलुगू, बाजारात वऱ्हाडी आणि घरात दखनी. पाच भाषा बोलणारा हा माणूस शाळेच्या दाखल्यावर अल्पशिक्षित होता.

तुर्कूत बहिणीनं मला फिनलंडच्या तातारांबद्दल सांगितलं, तेव्हा दादा डोळ्यांपुढं आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियातल्या निझनी नोवगोरोद भागातल्या खेड्यांतून हे मुसलमान फेरीवाले फिनलंडमध्ये आले. कापड आणि फर विकत गावोगाव फिरले आणि तिथलेच झाले. १९२५ मध्ये त्यांनी आपली नोंदणीकृत जमात स्थापन केली. १९३९ च्या हिवाळी युद्धात त्यांची मुलं फिनलंडच्या बाजूनं लढली. आज ती माणसं हजाराच्या आत आहेत, पण फिनलंडच्या इतिहासात त्यांना पान आहे. आमच्या मुलखातल्या गठ्ठेवाल्यांना, रंगाऱ्यांना, जिनातल्या हमालांना, मिस्त्र्यांना, बँडवाल्यांना मिळून एक पान कुठं आहे?

हा तक्रारीचा सूर नव्हे. खरं तर यात आपलीच कसूर मोठी. आपण इतिहास म्हटला की हैदराबाद, औरंगाबाद, दिल्ली आठवतो. निजामाची गोष्ट आम्हाला पाठ. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं, पैनगंगेच्या पलीकडं आदिलाबाद मात्र १९४८ पर्यंत निजामाकडंच राहिलं, हे मी सांगू शकतो. एप्रिल १८१८ मध्ये शेवटच्या बाजीरावाच्या फौजेला इंग्रजांच्या कर्नल अॅडम्सनं याच पांढरकवड्याच्या परिसरात गाठलं आणि उधळून लावलं, हेही. मोठ्या लोकांच्या पराभवांच्या तारखा पाठ आहेत. दादा कोणत्या वाटेनं नदी ओलांडायचे, हे मात्र मला अम्मीला विचारावं लागलं.

तेही जानेवारीत, परत आल्यावर. एका सकाळी अम्मीनं चहा प्यायल्यावर स्वेटर चढवला आणि म्हणाली, "चल, नदीवर जाऊ." मला वाटलं काही काम आहे. काम काही नव्हतं. "तिथं रोज जात होते नं मी. इथं का नाही?" तुर्कूत बहीण कामावर गेल्यावर अम्मी एकटी नदीकाठी जाऊन यायची. अंधार पडलेला असायचा दुपारी चारलाच, तरी जायची. भाषा येत नाही, कुणी ओळखीचं नाही. आणि ज्या गावात ती चव्वेचाळीस वर्षांपूर्वी आदिलाबादहून लग्न होऊन आली, त्या गावात ती बाजाराला गेली, दवाखान्यात गेली, मय्यतीला आणि लग्नाला गेली. नुसतं चालायला म्हणून कधी घराबाहेर पडली नाही. कुणी मना केली नव्हती. पण "कुठं निघालात?" या प्रश्नाला "अशीच" हे उत्तर आमच्याकडं बाईमाणसानं द्यायचं नसतं. शेजारच्या काकूंनाही नसतं. यात धर्म वगैरे आणू नका. फार तर बुरखा आणि पदर इतका फरक आहे.

आम्ही निघालो. बारा अंश असेल, म्हणजे आमच्याकडं हुडहुडी. पानटपऱ्यांपुढं शेकोट्या पेटलेल्या. कापसाचा हंगाम, त्यामुळं जिनिंगकडं जाणाऱ्या गाड्यांतून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या काटेरी झुडपांना लागून राहिलेला. अम्मी म्हणाली, "हे बघ, आपला बर्फ." हातगाड्यांवर ओल्या तुरीच्या शेंगा आल्या होत्या. आमच्या इथं चालायचे महिने हेच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एकदा मार्च लागला की सकाळी नऊनंतर रस्त्यावर यायची हिंमत होत नाही. ते लोक उणे आठमध्ये चालतात आणि आपण आपला सगळा हिवाळा अंगणात उन्हाला पाठ देऊन बसण्यात घालवतो.

पायवाट मात्र नव्हती. दुकानाचा फलक, उभी मोटारसायकल, उघडी नाली, खडीचा ढीग, पुन्हा मोटारसायकल. अम्मी तुर्कूच्या बर्फावर घसरली नाही, इथं दोनदा ठेचकाळली. नदीपाशी काठावर बेशरम माजलेली, पाण्याच्या कडेला प्लास्टिक अडकलेलं. घरांनी नदीकडं पाठ केलेली. मोऱ्या तेवढ्या तिच्याकडं तोंड करून. पाणी हिवाळ्यातलं, बारीक. तरी वाहतं होतं. ते पैनगंगेत जाणार, तिच्यातून वर्धेत, वर्धेतून प्राणहितेत, मग गोदावरीत आणि राजमहेंद्रीखालून समुद्राला.

तिथं उभं राहून अम्मी बोलायला लागली. कपडे धुवायला सासूबरोबर ती कुठल्या दगडावर बसायची. शेजारच्या काकूंशी तिची पहिली ओळख तिथंच साबणावरून झालेल्या भांडणातून झाली. पूर आला त्या वर्षी कोणाकडं कोण राहिलं. दादा बाजाराहून येताना पलीकडून हाक मारायचे, आणि मग पोरं त्यांचा गठ्ठा घ्यायला पाण्यात उतरायची. खुनी हे नाव कसं पडलं, याची आमच्या घरात सांगितली जायची ती गोष्ट लढाईची. काकूंच्या घरातली गोष्ट पुरात वाहून गेलेल्या वरातीची. मी दोन्ही लिहून घेतल्या. एकीला खरी ठरवायची घाई कशाला करायची?

माझं म्हणणं त्या दिवसापासून साधं आहे. आमच्या तालुक्याला, आणि अशा प्रत्येक तालुक्याला, हिवाळ्यात एक पायी फेरी हवी. पर्यटकांसाठी नको, ते आले तर येवोत. आधी गावातल्या पोरांसाठी. शाळेची सहल काढायची म्हणजे एसटी करून दुसऱ्या जिल्ह्यातला किल्ला पाहायला जायचं, हे एकदा तरी बाजूला ठेवावं. मराठी शाळा, उर्दू शाळा, आश्रमशाळा यांच्या पोरांनी एकत्र, बाजारापासून नदीपर्यंत चालावं. इतिहासाच्या मास्तरांनी १८१८ सांगावं, जरूर सांगावं. पण नदीवर पोडावरच्या एखाद्या कोलाम आजोबांनी बोलावं, कारण कोलाम या मुलखाचे जुने रहिवासी आणि त्यांची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकायची वेळ आपल्यावर फार कमी येते. जिनातल्या हमालानं बोलावं. एसटीच्या निवृत्त ड्रायव्हरनं बोलावं. कर्जापायी नवरा गमावलेल्या एखाद्या शेतकरी बाईला बोलावंसं वाटलं, तर तिनंही. यवतमाळचं नाव देशभर ज्या आत्महत्यांमुळं गेलं, त्या वगळून फेरी केली, तर तुर्कूनं आपली आग वगळून शहर दाखवण्यासारखं होईल.

मित्रांना हे सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, आधी काठ तर बांधू द्या, लाद्या बसू द्या, दिवे लागू द्या. मला याचीच धास्ती आहे. मोठ्या शहरांत नदीकाठ 'विकसित' झाले, तिथं काय झालं ते आपण पाहतोय. काँक्रीटच्या भिंती उभ्या राहिल्या, काठावर राहणारी गरीब माणसं उठवली गेली आणि आत जायला तिकीट लागलं. औराचा काठ बांधलेला आहे, हे खरं. पण मला तिथं भावली ती खडी, फुकटची नाव आणि सांगणारी बाई. यांतली शेवटची गोष्ट आपल्याकडं प्रत्येक गल्लीत आहे, तिला कुणी विचारत नाही एवढंच.

दुसरा मित्र अधिक स्पष्ट बोलला. तो मुस्लिम आहे. म्हणाला, "आजच्या दिवसांत आपण पुढाकार घेऊन नदीवर पन्नास माणसं जमवायची? कोणी काही अर्थ काढला म्हणजे?" त्याला भित्रा म्हणायला मी तयार नाही. आजूबाजूला काय चाललंय ते त्यालाही दिसतं, मलाही. पुण्यात घर शोधताना "मूळचे कुठले?" या प्रश्नावर मी पांढरकवडा म्हटलं की, "नाही, त्याच्या आधीचे?" असं विचारणारे मला भेटलेत. तुर्कूत पांढरकवडा म्हटलं, तर नकाशात कुठं आहे एवढंच विचारलं गेलं. पण याचं उत्तर घरात बसून मिळणार नाही. खतावणीत, सातबाऱ्यात, मतदार यादीत आपलं नाव शोधत बसण्याचे दिवस आलेत, कागद जपायलाच हवेत. त्याबरोबर दादांची वाटही माहीत हवी. ती एकट्यानं चालून भागणार नाही, शेजाऱ्यांना घेऊनच चालावी लागेल. कारण दादांना पाण्यापलीकडून हाक मारताना जी पोरं पाण्यात उतरली, त्यांत काकूंचा थोरलाही होता. त्याची साक्ष माझ्यापेक्षा भारी आहे.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आम्ही निघालो. पन्नास नव्हे, अकराजण. त्यांत चार पोरं, एक बकरी (ती बोलावलेली नव्हती), शेजारच्या काकू आणि त्यांचा तो थोरला, जो आता साठीला टेकलाय. वाट तीच, मोटारसायकली त्याच. नदीवर काकू आणि अम्मी यांच्यात तो दगड नेमका कुठला, यावरून वाद झाला. साबणाचा जुना हिशेबही निघाला. पोरांनी दोघींच्या दोन्ही दगडांवर चढून पाहिलं. थोरल्यानं दादांच्या हाकेची नक्कल करून दाखवली, ती इतकी हुबेहूब की अम्मीनं ओढणीनं डोळे टिपले आणि लगेच शेंगा सोलायला घेतल्या.

परतताना काकूंनी विचारलं, पुढच्या रविवारी केळापूरपर्यंत चालत जायचं का, देवीला. अम्मी म्हणाली, "जाऊ की. पण सकाळी लवकर, ऊन व्हायच्या आत."

बहिणीनं बर्फासाठी घेऊन दिलेले, तळाला खिळे असलेले रबरी पट्टे अम्मीनं परत आणलेत. उघड्या नाल्यांच्या कडेनं चालताना उपयोगी पडतील, असं तिचं म्हणणं आहे.